गाडग्यातलं पाणी

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. हे घडलं भर दुपारी, सव्वाबाराला, दोनशे माणसांसमोर. त्यातल्या कुणालाही विचारा.

फक्त मला विचारू नका.

२१ फेब्रुवारी २०२४. बुधवार.

कॉलेजचं नाव सांगणार नाही. धाराशिव जिल्हा, सोलापूर-हैदराबाद हायवेपासून थोडं आत, एवढं पुरे. माणसांची नावं बदलली आहेत. माझं तर देतच नाही. का देत नाही ते शेवटी कळेल, आणि कळल्यावर तुम्हाला माझी किळस येईल. मला रोज येते.

मी राज्यशास्त्र शिकवते. प्राचीन ग्रीक राजकीय विचार. हसू नका. आमच्याकडे हा पेपर गुरुसिद्धप्पा सरांमुळे उभा होता. सर जळकोटचे. शेतात तूर आणि टेबलावर ग्रीक शब्दकोश. शिकवायला कुणी नव्हतं, ती भाषा ते एकट्यानं शिकले. बत्तीस वर्षं त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला होता. अथेन्सच्या सभेत साधा कुंभार, साधा सुतार उभा राहून बोलायचा आणि बाकीचे ऐकून घ्यायचे, हे त्यांनी जमवलं कसं? त्याचं उत्तर त्यांनी सत्तावीस वह्यांत लिहून ठेवलं होतं.

वर्गात सर दोन गाडगी आणायचे. एकाला बुडाशी बारीक भोक. ते स्टुलावर, दुसरं खाली. वरच्यात पाणी भरायचं, ते थेंब थेंब खाली पडायचं. अथेन्सच्या कोर्टात बोलणाऱ्याची वेळ अशीच मोजत.

"पाणी हाय तवर तुझा हक्क," सर म्हणायचे. "तवर कुणी अडवणार न्हाय. मी बी न्हाय. पाणी संपलं की खाली बसायचं."

आणि कुणी कागद काढून वाचायला लागलं, की सर उठून भोकावर बोट ठेवायचे. थेंब थांबायचा.

"वाचलेलं धरत न्हाईत. तिथं बी धरत नव्हते. कागद वाचून झाला की पाणी परत सुरू. आपलं म्हणणं आपण उभं राहून, आपल्या तोंडानं सांगायचं."

हा नियम लक्षात ठेवा.

२०२२ साली सर गेले. महिना उलटायच्या आत आमचे विभागप्रमुख कृष्णराज सर मला म्हणाले, "मॅडम, त्या वह्या घेऊन या. तुमचं जाणं-येणं आहे तिथं. आपण संपादन करू. सरांच्या नावानं पुस्तक काढू."

मी तेव्हा नऊ वर्षं तासिका तत्त्वावर होते. दर जूनला नव्यानं अर्ज, दर एप्रिलला घरी. प्रमुखांनी सांगितलं आणि मी गेले नाही, असं कधी झालं नव्हतं.

जळकोटला सरांच्या बायकोनं, लक्ष्मम्मांनी, वह्या कापडात बांधून दिल्या. आम्ही सगळे विद्यार्थी त्यांना अव्वा म्हणतो. वर ती दोन गाडगीही दिली.

"हे बी ने पोरी. वह्या आन् गाडगी येकाच जागी ऱ्हाऊ दे म्हणायचे."

मग उंबऱ्यापर्यंत आल्या. "पुस्तकावर नाव त्येंचंच येईल न्हवं?"

"येईल अव्वा. माझा शब्द."

माझा शब्द. नऊ वर्षांत दिलेला हा एकच शब्द, आणि तोही असा.

कृष्णराज सर त्या वह्या वाचायला बसले की मी बाहेर जायचे. ते दर पानाला अंगठा जिभेवर फिरवायचे. निळ्या शाईतली ती नाजूक ग्रीक अक्षरं, आणि त्यावर चहा-सुपारीची थुंकी. पानांचे कोपरे ओले होऊन काळे पडले.

२०२४च्या जानेवारीत पुस्तकाची मुद्रितं आली. मुखपृष्ठावर नाव एकच होतं.

कृष्णराज सरांचं.

आत ऋणनिर्देशात सरांना अर्धी ओळ. 'काही टिपणे पुरवल्याबद्दल'.

मी मुद्रितं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही. "जुलैत जागा भरायचीय, मॅडम. समितीवर मी आहे. तुम्ही समजूतदार आहात."

मी समजूतदार निघाले. शी.

प्रकाशनाच्या चार दिवस आधी ते विभागात बसून फोनवर कुणा पत्रकाराला मुलाखत देत होते. "तीस वर्षांची तपश्चर्या आहे माझी..."

आणि तेव्हा...

टप्.

टप्.

कपाटातून आवाज येत होता. आमचे शिपाई बजरंगमामा वाकून ऐकायला लागले. "मॅडम, आत पाणी टिपकतंय की वो."

कपाट उघडलं. आत दोन्ही गाडगी. कोरडी. वर धूळ. मी बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली. पण वास... आठवडाभर पालटलं नाही असं पाणी, त्यात काहीतरी मरून फुगलेलं. मामांनी नाकाला रुमाल लावला. तिकडे फोन संपला आणि इकडे थेंबही थांबला.

बुधवारी सभागृह भरलं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडे. दुसऱ्या रांगेत अव्वा बसल्या होत्या, इरकल नेसून. 'दिवंगतांच्या पत्नीचा सत्कार' ठेवला होता. पुस्तक अजून त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी हातातल्या कार्डांत तोंड घातलं.

सव्वाबाराला कृष्णराज सर बोलायला उभे राहिले.

"हा ग्रंथ म्हणजे माझ्या आयुष्याचं..."

टप्.

मी वर पाहिलं. छत कोरडं. टाकी दुसऱ्या इमारतीवर.

टप्. टप्. टप्.

माइकवरून येत असावा इतका स्वच्छ आवाज, आणि कुणाचीही मान हलत नव्हती. फक्त अव्वांची हलत होती. अव्वांना ऐकू कमी येतं, पाठीमागून हाक मारली तर कळत नाही. त्या थेंबागणिक मान डोलावत होत्या.

कृष्णराज सरांनी पुस्तक उघडलं. अंगठा जिभेवर फिरवला. एक उतारा वाचायला लागले.

आणि थेंब...

थांबला.

संपूर्ण उतारा होईपर्यंत एकही नाही. पुस्तक मिटून ते म्हणाले, "हे मला सुचलं तेव्हा मी..."

टप्.

कुणीतरी भोकावर बोट ठेवत होतं. आणि उचलत होतं.

तीनदा त्यांनी वाचलं. तिन्ही वेळा थेंब थांबला. मग त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं, कोपरं टेबलावर टेकली आणि रंगात येऊन बोलायला लागले. आता थेंबांमधलं अंतर वाढत होतं. वरचं गाडगं रितं होत आलं की असंच होतं. वर्गात आम्ही तेव्हा घाईघाईनं बोलणं संपवायचो.

टप्...

.... टप्...

"यातला प्रत्येक शब्द," ते म्हणाले, "माझा..."

....... टप्.

मग काहीच नाही.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ओठ हलत होते. आवाज नव्हता. कुणीतरी माइकवर टिचकी मारली, माइक चालू होता. त्यांनी घसा दाबला. पुन्हा तोंड उघडलं.

शब्द आला नाही. पाणी आलं.

हिरवट, तार सुटलेलं पाणी. हनुवटीवरून हारावर, हारावरून पुस्तकाच्या गठ्ठ्यावर. तोच वास सभागृहभर पसरला. पुढच्या रांगेतले पाहुणे ओकाऱ्या काढत उठले. खुर्च्या पडल्या. कृष्णराज सरांना उचलून गाडीत घातलं आणि सोलापूरला पळवलं.

मी स्टेजवर एकटी उरले. माइक माझ्या हातात.

अव्वा जागच्या हलल्या नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

आणि...

टप् टप् टप् टप् टप्.

भरभर. नुकतंच काठोकाठ भरलेल्या गाडग्यातून पडतात तसे.

पाळी माझी होती. एक वाक्य पुरलं असतं. हे पुस्तक गुरुसिद्धप्पा सरांचं आहे. सात सेकंदही लागले नसते. दीडशे माणसं अजून आत होती.

मी म्हणाले, "सर्वांनी शांततेत बाहेर पडावं. जेवणाची सोय मागच्या पटांगणात केली आहे."

अव्वा उठल्या. सत्काराची शाल खुर्चीवरच राहिली. पुस्तकांच्या गठ्ठ्यातली ओली न झालेली एक प्रत उचलून त्यांनी मुखपृष्ठ बराच वेळ पाहिलं. त्यांना अक्षरओळख आहे. मग माझ्या जवळ आल्या.

"पाणी सुरू झालंय पोरी. ऐकू येतंय न्हवं?"

त्या दिवसापासून मी जळकोटला गेलेली नाही. कॉलेजला जायची बस तिथूनच जाते. मी उजव्या बाजूला बसते आणि डावीकडे बघत नाही.

कृष्णराज सरांच्या घशात डॉक्टरांना काही सापडलं नाही. स्वतःचं एक वाक्य त्यांना बोलता येत नाही. 'पाणी द्या' एवढंही नाही. पण पुस्तक हातात दिलं की घडाघडा वाचतात. गुरुसिद्धप्पा सरांचे शब्द, त्यांच्याच लयीत. त्यांची बायको म्हणाली की ते वाचायला लागले की ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

माझी नेमणूक जुलैत झाली. कायम.

थेंब माझ्याबरोबर आला. मी स्वतःचं काही बोलले की पडतो. भाजीवाल्याशी बोलले तरी पडतो. आईशी बोलले तरी पडतो. म्हणून मी घरी मान हलवते. वर्गात पुस्तक उघडून वाचून दाखवते, पहिल्या मिनिटापासून बेल होईपर्यंत. वाचताना तो थांबतो. सरांना ज्या मास्तरांची घृणा होती, तसली मी झाले. मुलं मागच्या बाकावर मोबाईल बघतात. पेल्यातलं पाणी प्यायला घेतलं की तो वास येतो. उकळलं, गाळलं, बाटली विकत आणली. वास जात नाही.

आता थेंबांमधलं अंतर वाढलंय. परवा आईला "हो" म्हणाले, तर बराच वेळ वाट पाहिली तेव्हा एक पडला.

फार उरलेलं नाही. एक वाक्य होईल, कदाचित. ते कुठं जाऊन, कुणापुढं उभं राहून बोलायचं, ते मला माहीत आहे. जळकोट इथून वीस मिनिटांवर आहे. आणि दर सकाळी मी नोकरीवर जाते.

म्हणून हे इथं लिहिलं. नाव न देता. वाटलं, हेही माझं बोलणं म्हणून धरतील.

पण लिहायला बसल्यापासून दोन तास झाले...

एकही थेंब पडलेला नाही.

कुणीतरी भोकावर बोट ठेवून उभं आहे. मी लिहिणं थांबवायची वाट बघत.