सतरा नंबरची जागा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. हे जिच्यासोबत घडलं ती मिनल रहाटणीत राहते, आणि गुरुवार आला की आजही तिचं डोकं ठिकाणावर नसतं.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. सोमवार, भरदुपारची वेळ. तळवड्यातलं सोपानरावांचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस.

ऑफिस कसलं, एक गाळा, दोन टेबलं आणि सोपानरावांची कटकट! सतरा सीटची एक गाडी. गुरुवारी इथल्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून दर गुरुवारी कामगारांना भीमाशंकरला न्यायची. मिनल त्यांची वेबसाइट सांभाळायची.

आणि वेबसाइटवरून एकही माणूस बुकिंग करत नव्हता.

"बटन लाल कर. लुकलुकणारं कर. पाच बटनं टाक!" सोपानराव रोज नवीन काहीतरी काढायचे.

"सर, पाच बटनं बघून माणूस गोंधळतो. एकही दाबत नाही."

सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. ऐकतंय कोण? उलट त्या सोमवारी त्यांनी शेवटचंच सांगितलं.

"या गुरुवारची गाडी वेबसाइटवरून भरली पाहिजे. नाहीतर शुक्रवारपासून येऊ नकोस."

घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालायचं. असा संताप आला की तिने डबासुद्धा उघडला नाही.

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. कोणी कामगार होता. "ताई, माझी जागा धरून ठेवा."

अरेच्चा! दिवसभर सगळे हेच तर म्हणतात. बटनावरचं 'सबमिट' कोण म्हणतं?

मिनलने सगळी बटनं उडवली. एकच ठेवलं. मोठं, चहाच्या सुट्टीत एका हाताने मोबाइल बघणाऱ्याच्या अंगठ्याखाली येईल असं. त्यावर लिहिलं, 'माझी जागा धरून ठेवा'.

पाच मिनिटांत पहिलं बुकिंग आलं.

सतरा नंबर. नाव रोहिदास. चढणार चाकण चौकातून.

मिनलने टाळीच वाजवली. बुधवारी दुपारपर्यंत गाडी भरली!

सोपानरावांनी यादी बघितली... आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सतरा नंबर काढ."

"का? गाडी भरलीय ना सर?"

"काढ म्हणतो ना!"

तिने काढलं. दोन मिनिटांनी परत आलं... रोहिदास, सतरा नंबर.

पुन्हा काढलं. पुन्हा आलं.

कोण मेला छळतोय! तिने चिडून त्या नंबरवर फोन लावला. उचलला गेला... पण बोलेना कोणी. फक्त धाप. कोणीतरी जीव खाऊन पळतंय अशी धाप.

आणि मग ट्रकचा हॉर्न...

फोन कटला.

मिनलने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. पण नोकरीचा प्रश्न होता. चाकणच्या एका कंपनीतल्या पूनमला जागा हवी होती. मिनलने सतरा नंबर तिला देऊन टाकला. त्यानंतर रोहिदासचं बुकिंग आलं नाही. सुटले बाबा, असं तिला वाटलं.

गुरुवारी सकाळी सोपानरावांनी मिनललाच यादी देऊन गाडीसोबत पाठवलं. ड्रायव्हर जयसिंग, शेजारच्या सीटवर ती. चाकण चौकात पूनम चढली, मागे सतरा नंबरवर जाऊन बसली. गाडी निघाली.

धप्... धप्...

मागून कोणीतरी गाडीवर थाप मारली. गाडी सुटल्यावर पळत येणारा मारतो ना, तशी.

जयसिंगने आरशात बघितलं. कोणी नव्हतं.

गाडीने वेग घेतला. हायवे मोकळा होता.

धप्... धप्... धप्...

पूनम किंचाळून पुढे पळाली. तेवढ्यात मिनलचा मोबाइल वाजला. तीच धाप... आणि या वेळी आवाज आला.

"ताई... जागा धरली व्हती ना? तुमी बी दिली दुसऱ्याला?"

तिच्या हातून फोनच पडला.

जयसिंगने गाडी कडेला घेतली. मिनलने रोहिदासचं नाव सांगितलं, तसा तो स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला.

"दोन वर्षांमागं त्यानं जागा धराया सांगितली व्हती, ताई. ओव्हरटाइम लागला, पाच मिनिटं थांबा म्हणून फोन केला. सोपानरावांनी जागा दुसऱ्याला दिली न् गाडी सोडाया लावली. तो मागं पळत आला... ट्रकनं उडवला. मी आरशात बघितलं, ताई."

मिनलला रडू फुटलं. सोपानरावांचा राग आलाच, त्याहून जास्त स्वतःचा. तिने पूनमला पुढे आपल्या जागेवर बसवलं, सतरा नंबर रिकामा सोडला आणि ती दार उघडं धरून उभी राहिली. पाच मिनिटं. कोणी चढलेलं दिसलं नाही.

शुक्रवारी सोपानराव खूश. "गाडी भरली! पुढचीही अशीच भर."

मिनलने पुढच्या गुरुवारची यादी उघडली. एक ते सतरा, सगळ्या जागा गेलेल्या. सतराच्या सतरा ठिकाणी एकच नाव.

रोहिदास.

सोपानरावांनी बघितलं आणि ते खाली बसले. काढ म्हणाले नाहीत. गुरुवारी गाडी रिकामीच सोडली. चाकण चौकात दार उघडं ठेवून थांबली, मग पुढे गेली.

तासाभराने घाटातून जयसिंगचा फोन आला.

"ताई, गाडी चढाला दमतीया. मागं एक माणूस न्हाई... पण भरल्या गाडीवानी जड लागतीया."