बासष्टच्या पुढे नाही

गाडी असताना एवढ्या उन्हात नातीला घेऊन चालत का आलात, असं विचारलंत ना सिस्टर? सांगते. डॉक्टर यायला अवकाश आहे. फक्त मध्ये हसू नका.

मी गाडी चालवायला शिकवते. आमच्या गावातली निम्मी माणसं माझा ओरडा खाऊन वळण घ्यायला शिकलीत. भित्री बाई ह्या धंद्यात टिकत नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि मग ऐका.

ही विजेवरची गाडी आमच्या ह्यांनी हौसेनं घेतली. तिच्यात चालवणाऱ्यांची नावं भरून ठेवता येतात. नाव निवडलं की ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे सीट, आरसे, चार्जिंग सगळं आपोआप लागतं. ह्यांनी स्वतःचं नाव भरलं ‘मालक’ आणि माझं ‘मास्तरीण’. बॅटरी मात्र कधी पूर्ण भरू द्यायचे नाहीत. ‘अर्धपोटी ठेवली की जास्त जगते,’ म्हणायचे. पुढे ह्यांचंच जेवण सुटलं, तेव्हा मला त्या वाक्याची चीड यायला लागली.

दवाखाना लांब, शेजारच्या शहरात. जाऊन-येऊन पुरावं म्हणून ह्यांनी चार्जिंगची मर्यादा बासष्ट टक्क्यांवर बांधून ठेवली. मी चालवायची, हे शेजारी बसायचे. सारखी थंडी वाजायची, म्हणून त्या सीटचा हीटर कायम चालू. पायांना कापराचा बाम चोळलेला. तो वास गाडीत मुरला होता. ‘मला तिथे एकट्याला सोडून येऊ नकोस,’ दर वेळी म्हणायचे. आणि एक दिवस मी एकटीच परत आले.

त्यानंतर गाडी बासष्टच्या पुढे चार्ज होईना. माझं नाव निवडा, शंभर लावा, काही करा, पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटलं, सॉफ्टवेअर बिघडलंय. एरवी मी दुर्लक्ष केलं असतं, पण लेकीचे दिवस भरत आले होते. ती राहते इथे, डोंगराच्या अलीकडे, आणि आमच्याकडून इथवर वाटेत चार्जिंगची सोय नाही. बासष्टवर निघाले तर घाटातच गाडी बसणार. बाप गेला तेव्हा डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नव्हता. शेवटचं तोंडही बघता आलं नाही पोरीला. ‘आई, तू तरी वेळेवर ये,’ एवढंच म्हणाली होती. जावई म्हणाला, टॅक्सी करून या. म्हटलं, गाडी शिकवणारी बाई मी, बाळाला घरी आणायला माझीच गाडी येईल. बाळाची सीटसुद्धा घेऊन मागे बसवून टाकली होती.

सर्व्हिस सेंटरच्या पोरानं नवं अपडेट घातलं. म्हणाला, ‘काकू, जुन्या नावामुळे अडत होतं. ते पुसून टाकलंय.’ मला न विचारता पुसलं हो. घरी येईपर्यंत डोळ्यांना पदर होता माझ्या.

दुपारी बेसमेंटमध्ये गाडी चार्जिंगला लावली, शंभरवर. वर येऊन टेकते तोच जावयाचा फोन, कळा सुरू झाल्या. बॅग घेऊन खाली उतरले. बेसमेंटला दिवस-रात्र सारखीच. एक ट्यूब, ओल्या सिमेंटचा वास, आणि चार्जरची बारीक गुणगुण. मी गाडीजवळ पोचले आणि गुणगुण थांबली.

बासष्ट.

दार उघडलं तर कापराचा वास भपकन अंगावर आला. शेजारच्या सीटवर हात ठेवला. ऊबदार. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी नाही, बसलेलंच असल्यासारखी. स्क्रीनवर ‘मास्तरीण’च्या वर पुन्हा ‘मालक’ आलं होतं, आणि रस्ता लागला होता त्याच दवाखान्याचा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्यांची मेल्यावरही गेली नव्हती.

“अहो...” मी हळूच म्हटलं, “तिकडे नाही जायचं आता...”

हीटरचा दिवा तेवढा आणखी लाल झाला.

घाबरले मी, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त संताप आला. इतके महिने उशापायथ्याशी बसले, एक शब्द उलटून बोलले नाही, आणि आता लेकीच्या वेळेला हे आडवे? प्लग उपसला, बॅग मागे टाकली. “बासष्ट तर बासष्ट. संपली की ढकलत नेईन. यायचं तर गुमान बसा.”

निघाले. प्रत्येक चौकात गाडी मला दवाखान्याकडे वळायला सांगत होती. मी प्रत्येक चौकात नाही म्हणत होते. घाट लागला आणि आकडा भराभर उतरायला लागला. शेजारचा हीटर काही बंद होईना. बटण दाबलं की पुन्हा पेटायचा. अर्ध्या चढावर आकडा चारवर आला.

“ऐका...” मी म्हटलं, “तुमच्या सीटनं माझी बॅटरी खाल्ली. लेकीसाठी एवढी थंडी सोसा हो...”

दोन वळणं गेली. मग तो लाल दिवा आपसूक विझला. सीट हळूहळू गार पडत गेली आणि मी गाडी चालवता चालवता ढसाढसा रडले. घाटमाथ्याच्या पुष्कळ आधी आकडा शून्य झाला. शून्यावर ही गाडी हलत नाही, सिस्टर. त्या दिवशी ती चढ चढली, उतरली आणि लेकीच्या दारात येऊन थांबली. ही नात त्याच संध्याकाळी झाली.

इथेच संपलं असतं तर मी ह्यांची पूजा केली असती.

हिला घरी आणायच्या दिवशी जावयानं बाळाच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाला, “आई, बरं आहे हो, मागेसुद्धा हीटर आहे.” मागे हीटर नाही. ह्या गाडीला मागच्या सीटला हीटर येतच नाही. मी वाकून बघितलं तर तोच कापराचा वास. ह्यांना एकटं राहवत नाही, हे मला ठाऊक आहे. माझी माया काही आटली नाही. पण ती जागा ह्यांची नाही. मी कानाशी बोलावं तसं म्हटलं, “अहो, उठा...” सीट गार झाली, तेव्हाच हिला ठेवलं.

तेव्हापासून मी मागेच बसते, जावई चालवतो. आधी हात लावून बघते, ‘उठा’ म्हणते, गार झाली की मग हिला ठेवते. गार व्हायला दर वेळी जास्त वेळ लागत गेला.

आज सकाळी इकडे यायला निघताना दोनदा सांगितलं. ओरडून सांगितलं. झालीच नाही गार. तशीच हिला उचलली आणि चालत आले, डोक्यावर पदर घेऊन.

काय म्हणता, ताप नाही? माहीत आहे. हातपाय गारच आहेत तिचे, कपाळही गार. आता जरा तिच्या पाठीला हात लावा.

लागतंय ना ऊबदार?

द्या इकडे. नाही, मी घाबरलेली नाही. तुम्ही पलीकडे व्हा सिस्टर, मला ह्यांच्याशी बोलायचंय.