हुणसेदोड्डीची हद्द

हद्दिनबेट्टच्या माथ्यावरची जुनी मोजणीची खूण शोधायची, तिच्यावर यंत्र उभं करायचं आणि सोमवारच्या सुनावणीआधी बेंगळूरला परतायचं. काम एवढंच होतं. पण त्यावर एक अख्खं गाव टांगून होतं.

गावाचं नाव हुणसेदोड्डी. कावेरीच्या खोऱ्यात, दोन राज्यांच्या मधल्या जंगलात वसलेली पन्नासेक घरं. इकडचं सरकार म्हणे, गाव तिकडच्या राज्यात आहे. तिकडचं म्हणे, इकडच्या. त्यामुळे गावाला शाळा नव्हती, रेशन नव्हतं, मतदानाचा हक्क नव्हता. हिमालयापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या या अवाढव्य देशात पन्नास घरं दोन नकाशांच्या फटीत पडून हरवली होती. त्यातच अभयारण्याची हद्द नव्याने आखायचं निघालं आणि दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. हे लोक कुणाचेच नाहीत, म्हणजे जंगलात घुसून बसलेत. उठवा त्यांना.

संयोगिता जगताप मोजणी खात्यात नकाशे करायची. तिचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर या मुलखात आले ते इथलेच झाले. घरात मराठी, बेंगळुरातल्या चामराजपेटच्या गल्लीत कन्नड, अशीच ती वाढली. कुणी तिला "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारलं की ती सरळ म्हणायची, "इथलीच. तुम्ही?"

तिचे वरिष्ठ चंद्रकांत सर यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा उपग्रहाचं चित्र पडद्यावर तयारच होतं.

"टेकडीच्या माथ्यापासून नदीच्या वळणापर्यंत सरळ रेघ ओढा. संपलं काम," ते म्हणाले.

"माथ्यापासून नाही सर, माथ्यावरच्या खुणेपासून. हद्दीच्या जुन्या जाहीरनाम्यात तसं स्पष्ट आहे."

"दोन्ही एकच."

"माथा अर्धा मैल लांब आहे. पश्चिमेच्या टोकापासून रेघ ओढली तर गाव आपल्याकडे येतं. पूर्वेच्या टोकापासून ओढली तर पलीकडे जातं. खूण कुठे आहे हे बघितल्याशिवाय मी रेघ ओढणार नाही."

चंद्रकांत सरांनी चष्मा काढला. "त्या टेकडीवर आज कुणी जात नाही. हत्ती आहेत. वाट नाही."

"दोनशे वर्षांपूर्वी कंपनी सरकारची माणसं पितळी यंत्रं खांद्यावर घेऊन चढली होती, सर. डोंगरावरून डोंगर हेरत त्यांनी हा देश मोजला. आमचं यंत्र तर पाठीवरच्या पिशवीत मावतं."

परवानगी मिळाली, पण जेमतेम. शनिवारी जायचं, रविवारी परत यायचं, आणि जे होईल त्याची जबाबदारी संयोगिताची.

तिघे निघाले. संयोगिता, निपाणीकडचा गुंडू, जो खात्यात यंत्र हाताळायचा आणि वजनाची पिशवी दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचा नाही, आणि हुणसेदोड्डीचा देवाप्पा. देवाप्पा साठीचा, शिडशिडीत आणि तोंडाचा तिखट माणूस. गावातर्फे प्रत्येक सुनावणीला तोच हजर असायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला बाहेर बसवलं जायचं. बेंगळूरच्या बनशंकरीहून निघालेली जीप कनकपुऱ्याच्या पुढे डांबर संपेपर्यंत गेली. तिथून पुढे पाय.

सकाळचं जंगल सुकं, करडं आणि शांत होतं. बांबूची बेटं उन्हाने पिवळी पडली होती, ओढ्याच्या कोरड्या पात्रात गोल गुळगुळीत धोंडे पसरले होते आणि दूरवर, झाडांच्या शेंड्यांवर, हद्दिनबेट्टचा उघडा काळा खडक एखाद्या पालथ्या नावेसारखा दिसत होता. कन्नडमध्ये हद्दु म्हणजे घार, ही घारींची टेकडी. खरोखरच चारपाच घारी तिच्यावर घिरट्या घालत होत्या.

"अक्का, हे चढून जायाचं?" गुंडूने मान वर करून विचारलं. "ह्याला वाट कुठली म्हणायची?"

"पूर्वेकडून खिंड आहे," देवाप्पा कन्नडमध्ये म्हणाला. "सोपी चढण. तासाभराची."

पण खिंड त्यांच्यासाठी मोकळी नव्हती.

आधी वास आला. ओल्या गवताचा, शेणाचा. देवाप्पाने हात वर केला आणि तिघे थिजले. वीस पावलांवर बांबू कडाड् मोडला. पानांच्या मागे एक राखाडी भिंत हलली. मग दुसरी. आणि त्यांच्या पायांमधून एक पिल्लू डोकावलं!

हत्तीण वळली. कान पसरले. सोंड हवेत वास घेऊ लागली.

"पळायचं नाही," देवाप्पा ओठ न हलवता पुटपुटला. "मागे. हळू."

एक पाऊल. आणखी एक. गुंडूच्या पिशवीला बांधलेली तिपाई खडकाला घासली आणि खण्णकन वाजली. हत्तीण सुटली! जमीन हादरली. तिघे ओढ्याच्या काठावरून खाली कोसळले आणि दोन प्रचंड धोंड्यांच्या फटीत घुसले. वर धुरळा उठला, पायांचे खांब फटीसमोर येऊन थांबले. संयोगिताला हत्तिणीचा श्वास ऐकू येत होता. तिच्या मनात भीती होतीच, पण भीतीच्या खाली एक हट्ट होता, आणि तो जागचा हलत नव्हता. मला वर जायचं आहे. तू इथून जा.

बऱ्याच वेळाने हत्तीण पिल्लाकडे परतली. कळप मात्र खिंडीतच चरत राहिला.

"आता ते संध्याकाळपर्यंत हलत नाहीत," देवाप्पा म्हणाला. "परत फिरायचं तर आत्ताच फिरा."

"दुसरी चढण?"

"उत्तरेचा कडा. मी तरुणपणी मधासाठी चढायचो. पण त्यात एक सपाट धोंड आहे, उतरती. तिच्यावर पकडायला काही नाही."

संयोगिताने गुंडूकडे बघितलं. त्याचं कोपर सोलपटलं होतं. त्याने पिशवी उघडून यंत्र तपासलं, पुन्हा बांधलं आणि पट्टा आवळला.

"यंत्राला काय झालं न्हाई. आता मोकळ्या हातानं परत गेलो तर सर हसतील की. चला."

उत्तरेचा कडा घाणेरीच्या काट्यांनी सुरू झाला. कोयत्याने वाट पाडत, अंगावर ओरखडे घेत ते वर सरकले. मग माती संपली आणि तापलेला खडक लागला. हाताचे तळवे भाजत होते. पाण्याच्या बाटल्या हलक्या होत चालल्या. सपाट धोंडेवर देवाप्पा अनवाणी, पालीसारखा चिकटून वर गेला, त्याने वरच्या वडाच्या मुळाला दोर बांधला आणि खाली सोडला. दोघं एकेक करून चढली. दुपार कलायच्या आत तिघे माथ्यावर होते.

केवढा मुलूख दिसत होता तिथून! दक्षिणेला कावेरीची चकाकती रेघ, पलीकडे पलीकडच्या राज्याचे निळे डोंगर, उत्तरेला धुरकट क्षितिजाखाली कुठेतरी बेंगळूर. आणि खाली जंगलाच्या हिरव्या-करड्या पसाऱ्यात चिंचेच्या झाडांमध्ये कौलांचा एक लाल ठिपका. हद्द कुठेच दिसत नव्हती.

"आमचं गाव," देवाप्पा म्हणाला.

पश्चिमेच्या टोकाकडे दगडांचा चौथरा होता. संयोगिता पळतच तिकडे गेली.

चौथरा फोडलेला होता. मधोमध माणूसभर खड्डा. वरची कोरीव शिळा कुणीतरी उपटून दूर फेकली होती आणि तिचे तीन तुकडे झाले होते. कोरलेला दगड दिसला की खाली धन असणार, अशा समजुतीने हिंडणाऱ्या टोळ्यांचं काम. त्यांना धन मिळालं नव्हतं, पण जाता जाता त्यांनी हुणसेदोड्डीचा पुरावा मोडून टाकला होता.

"झालं," गुंडू म्हणाला. "आता काय मोजायचं?"

संयोगिताने पदर कमरेला खोचावा तशी ओढणी खोचली आणि आत उतरली.

"ज्यांनी ह्या खुणा केल्या ते फार संशयी लोक होते, गुंडू. वरची खूण जाईल हे धरूनच ते चालायचे. तिच्या बरोबर खाली, मूळ खडकात, दुसरी कोरायचे, बिंदू आणि भोवती वर्तुळ. दगड घे बाहेर."

तिघांनी खड्डा उपसायला घेतला. धोंडे, माती, विंचवांची दोन बिळं. नखं फाटली. शेवटी खाली खडकाचा तळ लागला. संयोगिताने राहिलेलं थोडं पाणी त्यावर ओतलं आणि हाताने चोळलं. काहीच नाही. आणखी थोडं बाजूला. बोटाला एक खळगा लागला. तिने डोळे मिटून बोट फिरवलं. खळग्याभोवती वर्तुळ!

"आहे," ती म्हणाली. "आहे रे गुंडू."

बिंदूवर ओळंबा धरून तिपाई उभी राहिली. आता यंत्राने उपग्रहांवरून जागा नीट टिपायची तर तासभर तरी ते हलता कामा नये. ते सुरू होतं न होतं तोच संयोगिताचा फोन वाजला. माथ्यावर रेंज होती.

"कुठे आहात?" चंद्रकांत सर. "हत्तींची खबर आली आहे. वरून सांगितलंय, मोहीम रद्द. ताबडतोब खाली या. सुनावणीला आपण उपग्रहाचं चित्र देऊ."

"सर, खूण सापडली आहे. पश्चिमेच्या टोकावर."

"मी काय म्हणालो ते ऐकू आलं ना?"

"आलं, सर. काम संपलं की उतरते."

तिने फोन ठेवला. वीस वर्षांच्या नोकरीत तिने असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

पश्चिमेकडून ढग चढले ते त्याच वेळी. काळेकुट्ट, पोटात विजा घेऊन. गुंडूने तिपाईचे पाय घट्ट धरले.

"सोड ते," संयोगिता म्हणाली. "ह्या खडकावर आपणच सगळ्यात उंच आहोत, आणि तू लोखंड धरून बसलायस."

"वाऱ्यानं पडलं तर?"

"पडू दे. चल."

त्यांनी तिपाईच्या पायांवर धोंडे रचले, कोयते तिथेच टाकले आणि माथ्याखालच्या कपारीत अंग मुडपून बसले. वळीव कोसळला. वीज! पांढरा लखलखाट, लगेच कानठळ्या. पुन्हा! खडकाचा एक टवका उडाला आणि जळका वास पसरला. देवाप्पा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. संयोगिता त्याच्या कानाशी म्हणाली, "अण्णा, तुम्हाला खरंच कुठल्या राज्यात जायचंय?"

"कुठल्याही," तो ओरडला. "कुणीतरी आमचे म्हणा! आणि तुमची मोजणी तिकडचे म्हणाली तर तिकडे जाऊन भांडेन!"

पाऊस जसा आला तसा सरला. तिपाई उभी होती. यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तासाच्या वर टिपण झालं होतं. संयोगिताने ते तिथल्या तिथे आपल्या फोनमध्ये उतरवून घेतलं, खुणेचे फोटो काढले, आणि तिघे उतरू लागले.

ओली धोंड साबणासारखी झाली होती. देवाप्पा खाली पोचला. मधे गुंडू, वर संयोगिता. अचानक गुंडूचा पाय सटकला. दोराला एका हाताने लोंबकळत तो झोका खात कडेला गेला. पाठीवरची पिशवी त्याला खाली ओढत होती.

"पिशवी सोड!" संयोगिता ओरडली.

"न्हाई सोडणार! सरकारी हाय!"

"टिपण माझ्याकडे आहे! यंत्र दुसरं मिळेल! गुंडू, सोड!"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग खांदा आखडला, पट्टा निसटला आणि पिशवी कड्यावर आपटत खोल दरीत गेली. दोन्ही हातांनी त्याने दोर पकडला. देवाप्पाने खालून त्याचा पाय खोबणीत बसवला. गुंडू जमिनीवर पोचला तेव्हा रडत होता, आणि ते तो घाम म्हणून पुसत होता.

सोमवारी सुनावणीत चंद्रकांत सरांनी उपग्रहाचं चित्र मांडलं. संयोगिता न बोलावता उठली. ओरखड्यांवर आयोडीन लावलेले हात तिने टेबलावर टेकले आणि सांगितलं की रेघ पश्चिमेच्या खुणेपासून निघते, हुणसेदोड्डी तिच्या अलीकडे येते, म्हणजे गाव आपलं आहे आणि आपणच आजवर ते नाकारलं.

"रद्द केलेल्या मोहिमेचं टिपण आहे हे," चंद्रकांत सर म्हणाले. "आणि सरकारी यंत्र दरीत आहे."

"दोन्ही खरं आहे," संयोगिता म्हणाली. "त्याची चौकशी लावा, मी हजर राहीन. पण खूण जिथे आहे तिथेच राहील, सर. कुणीही चढून बघावं. दोर आम्ही तिथेच ठेवलाय."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई बराच वेळ फोटो बघत राहिल्या. मग त्यांनी शिपायाला सांगितलं, "बाहेर बसलेल्यांना आत बोलवा."

देवाप्पा पहिल्यांदाच त्या खोलीत आला. खुर्चीवर बसला नाही. निर्णय त्याने उभ्यानेच ऐकला: गाव उठवायचं नाही, गावाची नोंद या राज्यात करायची, नवा नकाशा महिन्याभरात तयार करायचा. संयोगितावर चौकशी लागली, आणि तिने नोटीस तिथेच सही करून घेतली.

जाता जाता देवाप्पा टेबलावरच्या नकाशावर वाकला.

"ह्यात आमचं नाव कुठे येणार?"

"इथे जागा नाही," चंद्रकांत सर तुटकपणे म्हणाले. "अक्षरं बारीक करावी लागतील."

"बारीक नको," देवाप्पा म्हणाला. "चांगली ठळक घाला. जागा नसेल तर जंगल स्वल्प सरकवा."