तीनच्या भोंग्यावर जुळवलेली बासरी

ही गोष्ट खरी आहे.

शपथ घेत नाही, कारण माझ्या शपथांचा आमच्या घरात अनुभव वाईट आहे. पण जागा सांगतो. डोंबिवली पूर्व, एमआयडीसीला लागून आमची बिल्डिंग, दुसरा मजला. रविवार. दुपारचे तीन.

हो, दुपारचे. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयुष्यभर जनरल शिफ्ट केलेली असते.

वागळे इस्टेटमधली माझी नोकरी नुकतीच गेलेली. घरी बसून करायचं काय, म्हणून मी बासरी बनवायला घेतली. विकत आणली असती तर वाजवावी लागली असती. बनवायला घेतली की निदान महिनाभर कोणी "वाजव" म्हणत नाही.

कल्याणच्या बाजारातून पातळ सालीचा बांबू आणला. गॅसवर सळई लाल केली आणि भोकं पाडली. घरभर धूर.

"सुदेश, मला पोळ्या करायच्यात! तुझं लोहारकाम गॅलरीत ने."

"आई, कला आहे ही."

"कलेला सिलिंडर लागत नाही."

पप्पा खुर्चीत बसून बघत होते. बोलले काही नाहीत. ते तसेही बोलायचे नाहीत.

पूर्वी बोलायचे. रस्त्यापलीकडच्या एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते. नाव सांगत नाही. पहिल्या पाळीला काळुरामकाका, दुसऱ्या पाळीला पप्पा. काका इथल्याच गावातले, मला बघितलं की खिशातून गोळी काढायचे. त्यांच्या कामात एक नियम होता. चालू रिअ‍ॅक्टरजवळची जागा रिकामी सोडायची नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन "मी आलो, जा" म्हणेपर्यंत आधीच्याने हलायचं नाही.

मी नववीत असताना एकदा पप्पा तापाने फणफणले. कामावर गेले नाहीत.

काका दुसऱ्या पाळीलाही थांबले... आणि तिथेच कोसळले.

हार्ट अटॅकने गेले, असं सगळे म्हणाले. पप्पा काहीच म्हणाले नाहीत. तेव्हापासून नाहीच.

असो. बासरी.

बासरीचं एक असतं. भोक कानशीने घासून मोठं केलं की सूर चढतो. लहान करता येत नाही. जास्त घासलं की मग मेण लावत बसा. मोबाईलवर सूर दाखवणारं अ‍ॅप घेतलेलं, पण ते पंख्याचाच सूर दाखवायचं. आमचा पंखा कोमल गंधारात फिरतो, ही माहिती मला नको होती.

म्हणून मी सोपा उपाय काढला. रोज दुपारी तीनला कंपनीचा पाळी बदलायचा भोंगा व्हायचा. लांब, सरळ, एका सुरात. त्यालाच सा धरला.

दोन सूर जवळ आले की हवेत एक थरथर होते. भोंगा झाला की मी फुंकायचो, थरथर ऐकायचो, किंचित घासायचो. दुसऱ्या दिवशी परत तेच. थरथर रोज मंद होत गेली...

त्या रविवारी ती थांबली.

भोंगा कुठला आणि बासरी कुठली, कळेना.

मी फुंकणं बंद केलं. सूर आणखी थोडा वेळ चालला... आणि हळूहळू विरला. भोंगाच तो, म्हटलं.

"शिवानी, जुळला बघ! डिट्टो भोंगा!"

माझी बहीण मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "कुठला भोंगा?"

"अगं, तीनचा. कंपनीचा."

"दादा, कंपनी कधीच बंद झाली. पार्सलवाल्यांचं गोदाम आहे तिथे. तुझे शूज तिथूनच आले, दोन्ही डाव्या पायाचे."



लहानपणापासून तो भोंगा कानात होता. बंद झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. परत सुरू झाला... तेव्हाही नाही.

"आई, तुला आला ना ऐकू?"

"मला शिट्ट्या मोजू दे रे कुकरच्या."

तेवढ्यात मागे काहीतरी सरकलं...

चपलांचा रॅक.

पप्पा उभे होते. इस्त्रीचा शर्ट. पायात कंपनीचे जुने सेफ्टी शूज. हातात डबा, रिकामा.

"पप्पा, कुठे?"

"भोंगा झाला."

"ती माझी बासरी होती."

"रोज होतोय. आज अगदी जवळ झाला." ते दाराकडे वळले. "काळुराम थांबलाय रे. माझ्यासाठी."

आई कुकर सोडून धावत आली. "अहो, डॉक्टरांनी जिनासुद्धा उतरू नका म्हणून सांगितलंय. सुदेश, यांचं हृदय आता तिसरा झटका नाही सोसायचं!"

पप्पा तोवर जिना उतरलेले. मी मागे धावलो.

रस्ता रिकामा. ऊन. गोदामाचं शटर बंद. वॉचमनही नव्हता.

पप्पा बाजूच्या भिंतीपाशी थांबले. तिथे काहीच नव्हतं, फक्त भिंत.

मग वास आला... गोडसर, घशात चिकटणारा. लहानपणी पप्पांच्या शर्टाला यायचा तोच.

कोणीतरी खोकलं.

पप्पा नाही. मी नाही.

पप्पा ताठ उभे राहिले. "मी आलो, काळुराम. जा."



आणि मग कानाजवळ, फार दमलेला आवाज,

"आलास का रं दौलत? मना घरा जावाचा हाय."

डब्याची कडी वाजली. पप्पांच्या डब्याची नाही. पावलं मला घासून गेली, रस्ता ओलांडून गावाच्या दिशेने. मी बघत राहिलो. बघण्यासारखं काही नव्हतं.

"चला पप्पा. झालं."

पप्पा हलले नाहीत.

"जागा सोडता येत नाही."

"कधीपर्यंत?"

"माझा रिलीव्हर येईपर्यंत."

त्यांचे ओठ पांढरे पडलेले. शर्ट घामाने चिंब. एक हात छातीवर. मी दंड धरून ओढलं. बापाला नाही, विजेच्या खांबाला ओढतोय असं वाटलं. त्यांचा श्वास तुटायला लागला...

मला दुसरं काही सुचलं नाही.

"मी आलो, दौलत. जा."

बापाला नावाने हाक मारायची माझी पहिलीच वेळ. एरवी कानाखाली आवाज निघाला असता.

पप्पांनी लांब श्वास सोडला. झोपेतून उठल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"आपण उन्हात काय करतोय रे इथे? चल, चहा पिऊ."

आम्ही चहा प्यायलो. घरी आलो. पप्पा आता ठणठणीत आहेत. बोलतात. इतके बोलतात की आई म्हणते, जरा बरं होतं आधी. त्या दुपारचं मात्र त्यांना काहीही आठवत नाही. त्या जागेवर नक्की कशावर लक्ष ठेवायचं असायचं, विचारलं तर म्हणतात, "कुठल्या जागेवर?"

आणि मी?

मी पण घरी आलो ना.

"मी आलो" म्हणालो... आणि जागा रिकामी सोडून निघून आलो.

सोमवारी तीनला भोंगा झाला. मी पप्पांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते. त्यांना तो आता ऐकू येत नाही. फक्त मला येतो.

पाळीचा भोंगा थोड्या वेळाने विरतो.

हा विरला नाही.

मंगळवारी चालू होता. हे लिहितोय तेव्हाही चालू आहे. बासरी मी कपाटात कपड्यांखाली ठेवलीये. रात्री कपाटाला हात लावला तर दार थरथरतं...

काल जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पप्पा, कंपनीत भोंगा न थांबता वाजतच राहिला, तर त्याचा अर्थ काय असायचा?"

पप्पांनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला.

"पळायचं," ते म्हणाले. "दिसेल त्या दिशेने."

मग घास तसाच हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"का रे?"