पुढल्या रविवारी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, हे घडलंय. आमच्या राघोत्तमकाकांच्या बाबतीत घडलंय, आणि काका थापा मारणाऱ्यातले नाहीत.

एकोणीसशे बासष्ट सालचा फेब्रुवारी. रविवार, दुपारचे तीन. मद्रासच्या उत्तरेला, खाजणातलं एक लहानसं बेट.

काका मैलापूरचे, घराणं तंजावरचं. एका सहल कंपनीत हंगामी गाईड होते. मालकांनी बजावलं होतं, "आज एकही तक्रार आली नाही, तर उद्यापासून कायम."

या 'उद्या'ची काका तीन वर्षं वाट बघत होते. आणि नेमकी त्याच दिवशी पदरात पडली पुण्याची बारा मंडळी.

जुनी मशीद, परदेशी व्यापाऱ्यांच्या कबरी, ताडाच्या टोपल्या विणणाऱ्या बायका... घसा कोरडा होईतो काकांनी सगळं सांगितलं. मंडळींचं आपलं एकच.

"जेवण कधी?"

"होडी कधी?"

"मद्रास कधी?"

काकांचं डोकं उठलं.

शेवटचं ठिकाण म्हणजे एक पडकं घर. दार तेवढं शाबूत. तिथे पूर्वी तंजावरचा एक मराठी कारकून राहायचा. एके सकाळी बायकोला "येतो" म्हणून तो होडीत बसला, तो परत आलाच नाही. बायको सईबाई त्याच दारात वाट बघत वारली.

नावाडी दर खेपेला सांगायचा, "इंगे सोल्लादींग, सामी." इथे तसं म्हणू नका. मयताच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत, तसं मुकाट निघायचं.

पण पुण्याच्या मंडळींतल्या अन्नपूर्णाबाई अडून बसल्या.

"बाईमाणसाच्या दारातून न सांगता निघायचं? ही कुठली रीत?"

"बाई, होडी खोळंबलीय."

"तुम्ही तिच्या गावचे ना? मग तुम्ही म्हणा. त्याशिवाय मी हलायची नाही."

उशीर झाला तरी तक्रार, वाद घातला तरी तक्रार. काका वैतागून दाराकडे वळले.

"बरं. येतो."

वारा पडला... कावळे गप्प झाले.

होडीत मागून आवाज आला...

"केधवां?"

"साडेपाचला मद्रास," काका मागे न बघता म्हणाले.

जरा वेळाने पुन्हा...

"केधवां?"

"सांगितलं ना, साडेपाचला."

"अहो, कुणाशी बोलताय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये शेवटचं बाक रिकामं होतं. आवाज तिथूनच आला...

"केधवां?"

काकांचा तोल सुटला. "पुढल्या रविवारी येतो! झालं समाधान?"

पुढच्या बाकांवरली मंडळी वळून बघायला लागली.

मग काकांच्या लक्षात आलं. पुण्याची मंडळी दिवसभर "कधी" म्हणत होती.

"केधवां" म्हणायच्या त्या फक्त काकांच्या तंजावरच्या घरातल्या जुन्या बायका.

अन्नपूर्णाबाईंनी तक्रार लिहिली: गाईड अंगावर ओरडला. काकांची नोकरी गेली. पुढल्या रविवारी काका बेटावर गेले नाहीत. त्यानंतरही कधीच नाही.

याला आता सहा वर्षं झाली. काका घरातून निघताना सरळ "जातो" म्हणतात. कनकाकाकू कानांवर हात ठेवते. असलं अभद्र बोलू नका म्हणून किती वेळा रडली, पण काका ऐकत नाहीत.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. काकू आत होती. बाहेरचं दार उघडं... दारात कुणी नव्हतं.

तीनचे ठोके पडले.

काकांनी पेपर खाली केला नाही. रोजच्या भिकाऱ्याला सांगावं तसे कंटाळून म्हणाले, "पुढल्या रविवारी."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी घाईने उठलो. चपला घातल्या आणि उंबऱ्यावरून, जन्माच्या सवयीने, तोंडातून निघून गेलं...

"येतो."

काकांच्या हातातला पेपर गळून पडला.

"कुणाला म्हणालास?"

काकूला, असं मी सांगितलं. मलाही तसंच वाटत होतं. पण काकू तर आत होती, आणि माझं तोंड दाराकडे होतं.

उद्या रविवार आहे.