घरात मोठं माणूस

टॅबलेट उभा करायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सगळ्यात बरा, हे तिला बऱ्याच प्रयोगांनंतर कळलं होतं. साखरेचा डबा बुटका पडतो, पाण्याची बाटली घसरते, आणि भिंतीला टेकवला तर व्हिडिओ कॉलवर आईला नुसतं छत दिसतं. डब्याला टेकवून जेवणाच्या टेबलाच्या कडेला ठेवला की ठकीची खुर्ची, गॅसची शेगडी आणि दाराचा अर्धा भाग, एवढं सगळं आईच्या नजरेत येई. बाकीचं घर आई कानाने सांभाळे.

ती स्वतः दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दुपारची पाळी. नवरा मालाच्या गोदामात, सकाळच्या पाळीला. तो घरी पोचायच्या आधी तिला निघावं लागे, आणि मधल्या पाऊण तासात साडेतीन वर्षांच्या लेकीचं, ठकीचं काय करायचं, हा प्रश्न या परक्या देशात आल्यापासून घरातल्या चौथ्या माणसासारखा त्यांच्यात राहत होता. पाऊण तासासाठी पाळणाघर मूल घेत नाही. शेजारीण गोड हसते आणि दार लावून घेते. लहान मुलाला घरात एकटं ठेवणं इथे गुन्हा. "जरा बघा हं हिच्याकडे" म्हणून मूल कुणाच्या तरी ओटीवर टाकून बाजारात जायची सवय असलेल्या माणसांनी अशा ठिकाणी करायचं काय?

तिने जे केलं ते आपल्या माणसांनाच सुचावं असं होतं. तिने आईला फोन केला.

"अगं मग मी आहे ना!" आई म्हणाली. "तुझ्या दुपारी इकडे दिवेलागण, नाहीतरी तेव्हा मी नुसती बसूनच असते. घरात मोठं माणूस असलं की झालं."

आईचे गुडघे कामातून गेले होते. विमानाचं सोडाच, तिला घराचा जिना उतरवत नव्हता. ती दादा-वहिनीकडे असायची, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत. पण हे तिघांपैकी कुणालाच खटकलं नाही. मोठं माणूस घरात होतं. फक्त सात समुद्रांपलीकडून होतं.

"एवढा आठवडा, आई," ती म्हणाली. "मग काहीतरी सोय बघते."

अडला हरी म्हणतात, तशातला प्रकार. आठवड्याचे महिने झाले. सोय कोण बघतो? सोय तर झालीच होती.

आणि काम फत्ते होत होतं, हे कबूल करायला हवं. बाहेरून कुलूप लावल्यावर पहिले काही दिवस ती दाराला कान लावून उभी राहायची, पण नवरा घरी यायचा तेव्हा ठकी खुर्चीत शहाण्यासारखी बसलेली असे. टॅबलेटमधून आई चिमणीची नाहीतर उंदराच्या लग्नाची गोष्ट सांगत असे. "घास घे. चावून खा. खुर्चीवरून उतर बघू आधी." एरवी कुणालाही न जुमानणारी पोर त्या आवाजापुढे गोगलगाय व्हायची.

एका सकाळी ठकी उठली तेव्हा तिच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या. घट्ट, वर दुमडून कानामागे बांधलेल्या, मधला भांग सुतासारखा सरळ.

"तुम्ही घातल्यात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी? मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही. काल आलो तेव्हा होत्याच की. मला वाटलं, तू घालून गेलीस."

"आजीने घातल्या," ठकी दुधाच्या मिशा पुसत म्हणाली.

दोघंही हसली. घाईगडबडीत आपणच घातल्या असतील, असं तिने ठरवून टाकलं. ठरवून टाकलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. पण कामावर जाताना बसमध्ये तिला आठवलं, की घरात तेलाची बाटली कधीच संपली होती, आणि ठकीच्या डोक्याला मात्र तेलाचा वास येत होता.

मग सफरचंदाची गोष्ट घडली.

सुट्टीच्या दिवशी ती घर आवरत होती. टेबलाखाली एक अर्धं सफरचंद सापडलं, आदल्या दिवशीचं, काळवंडलेलं. त्याला एकच चावा होता. आई कुठलंही फळ मुलांना द्यायच्या आधी स्वतः चावून बघायची. आंबट निघालं तर? तिच्या आणि दादाच्या लहानपणी घरात अख्खं फळ कुणाला मिळालंच नव्हतं. सगळ्यांवर आईच्या दातांची मोहोर.

चावा मोठ्या माणसाचा होता. ती खिडकीशी गेली आणि उजेडात धरून बघू लागली.

दात बघणं हा तिचा धंदा. दिवसभर ती गुलाबी मेणात दात बसवायची, एकेक सरळ, एकसारखा, जाहिरातीतल्यासारखा. एकदाच तिने मुद्दाम एक दात वाकडा बसवला होता. आईचे सगळे दात काढले तेव्हा तिनेच घरी जाऊन माप घेतलं होतं, प्लास्टरचा साचा हातातल्या पिशवीत जपून आणला होता, आणि कवळी स्वतःच्या हाताने करून पाठवली होती. "मला दुसरीचं तोंड नको हं," आईने बजावलं होतं. "आरशात मीच दिसले पाहिजे." म्हणून वरचा डावीकडचा, पुढल्या दाताशेजारचा दात तिने होता तसा जरासा आत वळवून बसवला होता.

सफरचंदाच्या काळवंडलेल्या गरात तो वळलेला दात स्पष्ट उमटला होता.

तिला मोजून बघायची गरज नव्हती. ते तिचंच काम होतं. तिने सफरचंद कागदात गुंडाळलं, खाली जाऊन कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलं आणि हात धुतले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. काय सांगायचं? आणि सांगितलं तर पुढे काय करायचं?

त्या दिवशी तिने आईला सहज विचारावं तसं विचारलं, "आई, दमत नाहीस ना गं?"

"बसून काय दमायचं?" पडद्यावर आई हसली. चेहरा उतरल्यासारखा दिसत होता. पण पडद्यावर सगळेच तसे दिसतात. "तुझ्याकडच्या फरशा मात्र फार गार आहेत बाई. एखादी सतरंजी घाल की खाली. पाय अगदी बधिर होतात."

दुसऱ्या दिवशी तिने टेबलाखाली सतरंजी घातली. ठकीसाठी, असं नवऱ्याला सांगितलं.

वहिनीचा फोन आला तो त्यानंतर. वहिनी कधी कुरकुर न करणारी बाई.

"ताई, राग मानू नका. पण आई हल्ली फोन घेऊन बसल्या की हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. डोळे उघडे, तोंड हलतं, पण माणूस जागेवर नसल्यासारखं. काल हात लावला तर गार पडलेला. तुमचा फोन बंद झाला की मग हळूहळू येतात भानावर. आणि पाण्यावर पाणी पितात, लांबून चालत आल्यासारखं."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. वय झालं म्हणतात. ताई, थोडे दिवस बंद ठेवता का हे?"

"हो हो," ती म्हणाली. "अगदी. एवढा आठवडा जाऊ दे, वहिनी. इकडे कामाचा फार रेटा आहे."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. जिने आपल्याला वाढवलं, आपली मुलगीही वाढवते आहे, तिच्या जिवावर आपण पाळी सांभाळतो आहोत, हे तिला स्वच्छ दिसत होतं. लेकीने आईकडे किती मागावं? पण दुसऱ्या दिवशी निघायची वेळ झाली, आणि तिने डबा टेबलाच्या कडेला सरकवला.

शेवटच्या दिवशी तिने ती लाल खूण पाहिली होती. टॅबलेटच्या कोपऱ्यात, चार्जिंग संपत आल्याची. चार्जर झोपायच्या खोलीत होता. बस दोन मिनिटांत येणार होती. पुरेल पाऊण तास, असं तिच्या मनात आलं. पडद्यावर आई मान हलवत होती, पण बघत होती ती पडद्यातून ठकीकडे नाही, तर बाजूला, टेबलाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"येते गं आई."

"ये. सावकाश ये," आई म्हणाली.

तो आवाज पडद्यातून आला की शेजारून, हे ती नंतर कितीदा तरी आठवून बघणार होती.

नवरा पोचला तेव्हा टॅबलेट काळा पडला होता. ठकी जेवून, तोंड पुसून, दोन वेण्या घालून खेळत बसली होती. तिकडे त्याच सुमाराला दादाने आईला जेवायला हाक मारली. आई उठली नाही.

जिवंत होती. श्वास चालू होता, नाडी चालू होती. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, झोपल्यासारख्या आहेत. का उठत नाहीत ते कळत नाही.

ती पुढच्या दिवशी कामावर गेली नाही. ओट्याशी उभी राहून दादाशी बोलत होती.

"तू व्हिडिओ लाव बरं," दादा म्हणाला. "मी फोन आईच्या तोंडासमोर धरतो. तुझा आणि ठकीचा आवाज ऐकून कदाचित परत येईल."

परत येईल. दादा आपला सहज बोलून गेला होता. तिचा हात मात्र ओट्यावर तसाच राहिला. चार्ज झालेला टॅबलेट समोरच होता. डब्याला टेकवायचा, बटण दाबायचं. एवढंच.

आत ठकी कुणाशी तरी बोलत होती. मध्येच थांबत होती, ऐकत होती, खुदकन हसत होती.

"लावते," ती म्हणाली. "आत्ता इकडे नेट नीट नाहीये, दादा. उद्या लावते."

"बरं. आणि ऐक, तिची कवळी कुठे दिसत नाहीये. डॉक्टरांनी काढून ठेवायला सांगितली होती, तर तोंडात नव्हतीच. खुर्चीखाली, बाथरूममध्ये, सगळं पालथं घातलं आम्ही. तुला काही बोलली होती का?"

ती फोन कानाला लावून बाथरूममध्ये गेली. बेसिनच्या कडेला ठकीचा निळा प्लास्टिकचा पेला होता. त्यात पाणी होतं. पाण्यात, तळाशी, कवळी. एक दात जरासा आत वळलेला.

"नाही," ती म्हणाली. "मिळेल रे. घरातच असेल कुठेतरी."

उद्या झालं, परवा झालं. नवऱ्याची पाळी सोमवारपासून बदलणार होती. मग तो दुपारी घरी असणार, मग कसलीच अडचण नव्हती. तोवर ठकीजवळ मोठं माणूस हवं. सोमवारी पहिलं काम व्हिडिओ लावायचं. लॅबमध्ये आणखी रजा मागायची सोय नव्हती. आई तिकडे चांगल्या दवाखान्यात होती, सलाइन चालू होतं, दादा होता, वहिनी होती. चार दिवसांनी काय होणार होतं? हे सगळं तिने मनात इतक्या वेळा म्हटलं, की ते खरं वाटू लागलं.

तिने टॅबलेट कपाटात, चादरींच्या खाली, पालथा ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी ती निघायच्या तयारीत होती. ठकी टेबलाशी बसली होती. शेजारची खुर्ची जराशी मागे ओढलेली होती, कुणी बसावं इतकी.

"आई," ठकी म्हणाली, "आजी विचारते, मी घरी कधी जाऊ?"

ती पर्समध्ये किल्ली शोधू लागली.

"आजी म्हणते, पाय गार पडलेत."

"सांग आजीला," ती पर्समध्येच बघत म्हणाली. "सांग, एवढा आठवडा."

ठकीने खुर्चीकडे पाहिलं. थोडा वेळ ऐकलं. मग मान डोलावली.

"बरं म्हणाली."

रागावली असती तरी चाललं असतं. पण आईने जन्मात कधी तिला नाही म्हटलं नव्हतं.

निघता निघता ती बाथरूममध्ये गेली. कवळी कोरडी पडली की बिघडते, पाणी रोज बदलायचं, हे तिनेच आईला फोनवरून दहादा बजावलं होतं. तिने निळा पेला उचलला.

पेल्यात नुसतं पाणी होतं. अजून हलत होतं.

मागे स्वयंपाकघरात सफरचंदाचा एक करकरीत चावा कुणीतरी घेतला. ठकीला अजून सफरचंद किसून द्यावं लागे.

"गोड आहे?" ठकीने विचारलं.

तिने पेल्यात ताजं पाणी भरून तो होता तिथे ठेवला, बाहेर आली आणि दाराला कुलूप लावलं.