परसोंचं टेबल

शुक्रवारी दुपारी साडेबारा वाजता मंदार आणि प्रणिता हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या एका नव्या रेस्तराँत वाइन चाखायला बसले. पाच वाइन, मग जेवण. मंदारच्या बायपासला आठ महिने झाले होते. घोटभर चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. प्रणिताने त्याचा अर्थ नुसती तोंडात घोळवायची असा लावला आणि थुंकायचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.

"थुंकायला आलो का पुण्याहून इथवर?" मंदार म्हणाला. तो बरकतपुऱ्यात वाढलेला. या गावात शिरला की त्याचा आवाज चढायचा. प्रणिता त्याच्या कपाळावरचा घाम बघत होती.

कुलदीप नावाचा पन्नाशीचा वेटर तिच्याकडे पाहून ओळखीचं हसला. "परसों बैठे थे ना मॅडम आप, वोइच टेबल रखे."

"आपण तर कालच आलो," ती मंदारला म्हणाली.

"अगं, हे हैदराबादचं परसों. काल सोडून मागचं सगळं परसों. माझ्या मुंजीत जेवून गेलेला माणूससुद्धा परसोंच आलेला असतो इथे."

ती हसली. पण कुलदीपने न सांगता एसी कमी केला. परसों तिला थंडी वाजली होती म्हणे. आत्ताही वाजतच होती. तिसऱ्या ग्लासाला तिने नाक लावलं. ओल्या गोणपाटाचा वास. ती बोलायच्या आत कुलदीप म्हणाला, "गीला बोरा बोले थे आप. शेफ बहुत हँसे."

जेवण आलं. बगारा खाना, मिरची का सालन, दही. एकच ताट.

"और साब का?" प्रणिताने विचारलं.

"परसों एकीच बोले थे ना आप," म्हणत तो ओशाळून दुसरं आणायला वळला.

मंदार छाती चोळत उठला. "ढेकर अडकलाय. तोंड धुऊन आलोच."

तो दिसेनासा झाल्यावर प्रणिताने कुलदीपला थांबवलं. "परसों मतलब कौनसा दिन?"

"इतवार, मॅडम."

"पिछला इतवार?"

कुलदीपने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"पिछला कैसा होता? हम तो मंगल को खोले." तो तिच्याकडे बघत राहिला. "पर इतवारीच था."

आज शुक्रवार. रविवार परवा यायचा होता.

"मैं अकेली थी?"

"हौ. फोन पे थे. बेटी को बोल रहे थे, जो मिली वो फ्लाइट पकड़ के आ जा."

मुलगी बंगळूरला होती. इथे तिचा विषयही निघाला नव्हता.

मंदार परतला. ओठ पांढुरके पडले होते.

"हॉस्पिटल. आत्ता."

"अगं, डबल का मीठा तरी..."

"मंदार."

तो मुकाट्याने निघाला. एरवी त्याने वाद घातला असता.

टॅक्सी आली. मंदार आत बसला. ती बसणार, तोच कुलदीप धावत आला. हॉस्पिटलात पेशंटच्या वस्तू घालून देतात तसली पारदर्शक पिशवी त्याने तिच्या हातात ठेवली.

"टेबल पे भूल गए थे मॅडम, परसों."

आत मंदारची अंगठी होती. आतल्या बाजूला कोरलेलं तिचं नाव वाचता येत होतं.

तिने टॅक्सीत पाहिलं. मंदारचा हात मांडीवर होता. अंगठी बोटातच होती.

पिशवीतली कापून काढलेली होती.